डेटाबेस सर्व्हर क्रमांक २ : अतितापाच्या इशाऱ्यांचा तपास (प्रकल्प नोंदी, नागपूर, मे–जून २०२४)

२० मे २०२४, सोमवार

दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी डेटाबेस सर्व्हर क्रमांक २ च्या कर्नल लॉगमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या नोंदवहीत) पहिला इशारा उमटला : एका कोअरचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका गणनविभागाचे, तापमान मर्यादेपलीकडे गेल्यामुळे त्याचा क्लॉक थ्रॉटल करण्यात आला आहे, म्हणजे त्याची गती मुद्दाम कमी केली आहे. पुढच्या अर्ध्या तासात १४ ते २७ या क्रमांकांच्या सर्व कोअरसाठी तोच मजकूर आला. पिग्मी प्रतिनिधींची वसुली शाखाशाखांतून अपलोड होण्याची हीच वेळ असते आणि पतसंस्थेच्या डेटाबेसवर दिवसातला सर्वांत मोठा भार याच वेळी पडतो. काउंटरवर पावती निघायला फार वेळ लागतो, अशा तक्रारी ३ च्या सुमारास तीन शाखांनी केल्या. त्यांचे मूळ इथेच आहे, कारण थ्रॉटल झालेला प्रोसेसर टर्बोस्टॅट या गती आणि तापमान दाखवणाऱ्या साधनात १.२ गिगाहर्ट्झवर चाललेला दिसत होता.

पुढच्या नोंदी समजण्यासाठी यंत्राची माहिती इथेच देतो. सर्व्हर २ यू उंचीचा (यू हे यंत्रे बसवण्याच्या रॅकमधले उंचीचे माप) असून त्यात इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४ हे दोन प्रोसेसर आहेत. प्रत्येकात १४ कोअर (१४ ते २७ क्रमांकांचे दुसऱ्या प्रोसेसरमधले), मूळ गती २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो गती, म्हणजे भारात आपोआप वाढणारी गती, ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत आणि उष्णतेची ठरवून दिलेली मर्यादा १२० वॅट. दोन्ही प्रोसेसर मदरबोर्डवर एकमेकांशेजारी आहेत, एकामागे एक नाहीत. त्यामुळे पहिल्याची गरम हवा दुसऱ्यावर जाते, हे स्पष्टीकरण या यंत्रात लागू पडत नाही.

भर दुपारचे आकडे असे : सर्व्हरच्या तोंडाशी आत येणारी हवा ३४ अंश, पहिला प्रोसेसर ७४ अंश, दुसरा ९५ अंश, प्रत्येकाचा वीजवापर १०५ वॅटच्या आसपास आणि सहाही पंखे मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या घरात. सर्व्हर खोलीतल्या भिंतीवरचे तापमापक मात्र २७ अंश दाखवत होते.

दोन गोष्टी पुढे गोंधळ करू नयेत म्हणून नोंदवून ठेवतो. कर्नल प्रत्येक कोअरसाठी हा इशारा पाच मिनिटांतून एकदाच छापतो, त्यामुळे लॉगमधल्या ओळी मोजून प्रकाराची तीव्रता कळत नाही. थ्रॉटलिंगचा खरा मोजक सिसएफएसमध्ये (कर्नल आपली आकडेवारी जिथे मांडतो त्या फाइलींत) असतो आणि तो संध्याकाळी ११,००० च्या वर गेला होता. दुसरे म्हणजे, मदरबोर्डवरील व्यवस्थापन चिपचे घड्याळ जागतिक वेळेवर लावलेले आहे. तिच्या घटना-नोंदीत ९ वाजून १० मिनिटे दिसतात, ती आपली दुपारची २ वाजून ४० मिनिटे होत.

२१ मे २०२४, मंगळवार

सकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा, की भिंतीवर २७ आणि सर्व्हर स्वतः ३४ सांगतो, तर सर्व्हरचा सेन्सरच बिघडलेला नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. सेन्सर बिघडला असेल तर यंत्र उघडण्याची गरज नाही, आणि बिघडलेला नसेल तर सेन्सरवर ठपका ठेवून आपण प्रोसेसर भाजत राहू. म्हणून या दोहोंपैकी कोणावरही विश्वास न ठेवता तिसऱ्या साधनाने मोजायचे ठरवले.

बाजारातून दोन साधी डिजिटल तापमापके आणली. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून केलेल्या लगद्यात दोन्हींची टोके दहा मिनिटे बुडवून ठेवली, तेव्हा एकाने ०.१ व दुसऱ्याने ०.३ अंश दाखवले. एवढी अचूकता आपल्याला पुरे आहे. मग दुपारी रॅकच्या समोर, हवा आत शिरते त्या बाजूला, जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर वाचने घेतली. रॅकच्या तळाशी २५, मध्यावर २८ आणि आपला सर्व्हर जिथे आहे त्या वरच्या भागात ३३.५ अंश. सर्व्हरच्या सेन्सरने त्याच क्षणी ३४ दाखवले.

म्हणजे सर्व्हरचा सेन्सर बरोबर आहे आणि भिंतीवरचे तापमापकही खोटे बोलत नाही. ते एसीच्या झोताखाली टांगलेले आहे, म्हणून ते एसीचेच तापमान सांगते. अमेरिकेतील अ‍ॅश्रे या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केलेली आहे. ही मर्यादा खोलीची नसून यंत्राच्या तोंडाशी असलेल्या हवेची आहे, आणि आपण इतकी वर्षे ती भिंतीवर मोजत आलो.

२२ मे २०२४, बुधवार

रात्री ९ नंतर, शाखांचे काम थांबल्यावर, एकेका प्रोसेसरवर स्वतंत्रपणे कृत्रिम भार टाकून पाहिला. टास्कसेट या आज्ञेने स्ट्रेस-एनजी हा भार टाकणारा प्रोग्राम एका वेळी एकाच सॉकेटच्या, म्हणजे एकाच प्रोसेसरच्या, कोअरवर बांधला आणि टर्बोस्टॅटने दर सेकंदाला तापमान टिपले. या चाचणीत मला शेवटच्या आकड्यापेक्षा तापमान चढण्याची आणि उतरण्याची रीत पाहायची होती.

पहिला प्रोसेसर ४८ अंशांवरून निघाला, पाच सेकंदांत ५६ वर आला आणि मग सावकाश चढत चार मिनिटांनी ७३ वर स्थिरावला. दुसरा प्रोसेसर ५२ वरून पाच सेकंदांतच ८१ वर गेला आणि पुढे ९४ पर्यंत चढला. भार थांबवताच पहिला हळूहळू उतरला, तर दुसरा तीन सेकंदांत ९४ वरून ६८ वर आला.

हवा कमी पडत असेल, जाळीत धूळ बसली असेल किंवा पंखा मंदावला असेल, तर प्रोसेसरवरचा हीटसिंक हा धातूचा जड ठोकळा आधी उष्णता शोषून घेतो आणि तापमान मिनिटामिनिटाने चढते. ते दोन-चार सेकंदांत पंचवीस-तीस अंशांनी उसळते तेव्हा उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नसते; चिप आपल्याच अंगात तापते आणि भार जाताच तितक्याच लवकर निवते. दुसऱ्या प्रोसेसरचे वागणे या दुसऱ्या प्रकारचे आहे. शिवाय ज्याचे वाचन भाराबरोबर सेकंदासेकंदाला हलते, तो सेन्सर अडकलेला किंवा मेलेला असू शकत नाही. प्रोसेसरमधले हे सेन्सर मुळात कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच मोजतात. थंड असताना त्यांचे वाचन ढोबळ असते, पण मर्यादेजवळ ते भरवशाचे असते.

थोडक्यात, दोन दोष असावेत असा माझा संशय आहे : दोन्ही प्रोसेसरना भोवणारी गरम हवा आणि दुसऱ्या प्रोसेसरचा हीटसिंकशी तुटलेला संपर्क. दुसऱ्यासाठी यंत्र बंद करून उघडावे लागेल. पर्यायी सर्व्हरची डिस्क वाढवण्याचे काम चालू असल्याने आणि महिनाअखेरीचे व्याज ३१ तारखेला बसवायचे असल्याने १ जूनच्या रात्रीपूर्वी ती मुभा मिळणार नाही. तोवर टर्बो बंद केला आहे. सर्व कोअर २.४ गिगाहर्ट्झवर राहतील, पण अधूनमधून १.२ वर कोसळणार नाहीत, आणि शाखांच्या दृष्टीने हे सातत्यच मोलाचे आहे.

२३ मे २०२४, गुरुवार

बुद्धपौर्णिमेची सुट्टी. दूरस्थ वाचने घेतली : आत येणारी हवा ३२, पहिला प्रोसेसर ४५, दुसरा ४८. बिनभाराच्या यंत्रात दोघांत तीनच अंशांचा फरक दिसतो. गेल्या दोन वर्षांचे मासिक तपासणीचे सगळे तक्ते सुट्टीच्या दिवशी भरलेले असल्याने हा दोष त्यांत कधीच का दिसला नाही, याचा उलगडा झाला.

२४ मे २०२४, शुक्रवार

एसीचे तंत्रज्ञ आले. खोलीत दोन टनांचे दोन एसी आहेत. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता उपसण्याची क्षमता, म्हणजे दोन्ही मिळून १४ किलोवॅट; यूपीएसवरचा भार ४.८ किलोवॅट आहे. गच्चीवरच्या उन्हात क्षमता घटते हे धरूनही कागदावर एसी कमी पडायला नको.

गच्चीवर चढून पाहिले तेव्हा पश्चिमेकडच्या बाहेरच्या युनिटची मागची बाजू पांढरी दिसली. जवळ गेल्यावर कळले, की आवाराबाहेरच्या काटेसावरीच्या बोंडांतून उडालेला कापूस पत्र्याच्या बारीक पात्यांवर थराथराने बसला होता आणि त्यावर धूळ जमून त्याची अक्षरशः गोधडी झाली होती. बोटाने सोलली तर ती अखंड निघाली. तंत्रज्ञांनी दोन्ही युनिटे पाण्याने आतून बाहेर धुतली. "गॅस बरोबर आहे जी, श्वासच कोंडला होता त्याचा," असे ते म्हणाले, आणि गॅसचा दाब मोजून तो खरोखरच ठीक असल्याचे त्यांनी दाखवले.

धुतल्यानंतर दोन तासांनी खोली २७ वरून २४.५ अंशांवर आली. सर्व्हरच्या तोंडाशी मात्र ३४ चे ३२.५ च झाले. खोली अडीच अंशांनी निवली आणि सर्व्हरला त्यातला जेमतेम दीड अंश मिळाला. थंड हवा पुरेशी आहे, पण ती सर्व्हरपर्यंत जात नाही किंवा वाटेत तिच्यात काहीतरी मिसळते.

२५ मे २०२४, शनिवार

चौथा शनिवार असल्याने शाखा बंद होत्या. नवतपा आजच सुरू झाला आहे, तेव्हा पुढचे नऊ दिवस बाहेरून सवलत मिळण्याची आशा नाही. सुरक्षारक्षकांनी आपुलकीने सुचवले, की कार्यालयातला मोठा कूलर सर्व्हर खोलीच्या दारात लावून द्यावा. ते मान्य करता आले नाही. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, म्हणजे तो दमट हवाच आत ढकलेल. शिवाय त्यासाठी दार उघडे ठेवावे लागेल आणि बाहेरची धूळही येईल.

हवेची वाट पाहण्यासाठी उदबत्तीचा धूर सोपा पडला असता, पण खोलीत धूरशोधक आहेत. म्हणून पतंगाच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी एका काडीला लावली आणि रॅकच्या समोरून तळापासून वर नेत गेलो. समोरच्या बाजूला पट्टी सगळीकडे आत ओढली जायला हवी. तळाशी आणि मध्यावर ती तशीच ओढली गेली. सर्व्हरच्या खालच्या मोकळ्या जागेसमोर ती बाहेरच्या दिशेने हलू लागली, आणि सर्व्हरच्या लगेच वर असलेल्या नेटवर्क स्विचसमोर तर ती सरळ माझ्या तोंडाकडे आडवी उभी राहिली. हात धरला तर झोत गरम लागला. तापमापकाने ४१ अंश दाखवले.

हा स्विच आम्ही १६ एप्रिलला बसवला. सर्व्हरच्या केबल मागच्या बाजूला असल्याने स्विचची पोर्ट असलेली बाजू आम्ही मागे ठेवली, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरच होते. पण त्याचे पंखे पोर्टच्या बाजूने हवा ओढून वीजपुरवठ्याच्या बाजूने सोडणारे आहेत. म्हणजे तो रॅकच्या मागची गरम हवा ओढतो, तिच्यात स्वतःची उष्णता घालतो आणि ती समोर, थंड बाजूला, आमच्या सर्व्हरच्या तोंडावर सोडतो. खालच्या ३ यू जागेत पूर्वी टेप ड्राइव्ह होता. तो काढल्यावर तिथे झाकणपट्टी लावलीच गेली नाही, म्हणून मागची गरम हवा तिथूनही पुढे येते. सर्व्हर दोन्हीकडून आपलाच उच्छ्वास पुन्हा घेत होता. हे मी बसवलेल्या स्विचमुळे झाले, त्यामुळे ते मी स्पष्टपणे नोंदवतो : पंख्यांची दिशा खरेदीच्या मागणीपत्रात लिहिलेली नव्हती आणि जोडणीच्या वेळी तपासली गेली नाही.

२८ मे २०२४, मंगळवार

मोकळ्या जागेसाठी स्थानिक कारागिराकडून मापाच्या पत्र्याच्या झाकणपट्ट्या करून घेतल्या आणि बसवल्या. पुठ्ठा लावून आजच भागवावे अशी सूचना होती, पण गरम यंत्रांजवळ पुठ्ठा मी एका रात्रीसाठीही ठेवणार नाही. केबल जाण्याच्या फटींना ब्रशपट्टी लावली. दुपारच्या भारात सर्व्हरच्या तोंडाशी ३२.५ ऐवजी २९.५ अंश.

२९ मे २०२४, बुधवार

उलट दिशेच्या पंख्यांची मॉड्यूल नागपुरातल्याच पुरवठादाराकडे मिळाली. ती चालू यंत्रात बदलता येतात, परंतु काही क्षण दोन विरुद्ध दिशांचे पंखे एकाच पेटीत फिरतील हे टाळण्यासाठी रात्री १० वाजता स्विच पूर्ण बंद करून दोन्ही मॉड्यूल एकदम बदलली. बारा मिनिटे नेटवर्क बंद होते. चालू केल्यावर कागदाची पट्टी पुन्हा वर नेली. या वेळी ती तळापासून माथ्यापर्यंत सर्वत्र आत ओढली गेली.

३० मे २०२४, गुरुवार

दुपारच्या भारात पंधरा मिनिटे टर्बो मुद्दाम चालू करून २० तारखेच्या परिस्थितीशी तुलना केली. आत येणारी हवा २५.५, पहिला प्रोसेसर ६६, दुसरा ८७, वीजवापर पुन्हा १०५ वॅटच्या आसपास.

२० तारखेला आत येणाऱ्या हवेपेक्षा पहिला प्रोसेसर ४० अंशांनी आणि दुसरा ६१ अंशांनी गरम होता. आज हे फरक ४०.५ आणि ६१.५ आहेत. हवेच्या सगळ्या दुरुस्त्यांनी दोघांचेही तापमान सारखेच, सुमारे ८ अंशांनी उतरवले आणि दोघांमधली २१ अंशांची दरी होती तशीच राहिली. वॅटमागे किती अंश चढतात ते काढले तर पहिल्यासाठी ०.३९ आणि दुसऱ्यासाठी ०.५९ येते. दोघांचे हीटसिंक एकाच मापाचे आहेत, पंखे सामाईक आहेत, भार सारखा आहे. दोष दुसऱ्या प्रोसेसरच्या माथ्यावरच आहे, आणि तो हवा बदलून जाणार नाही.

इशारे थांबले असल्याने यंत्र उघडण्याचा बेत रद्द करावा, असे एक मत आज बैठकीत पुढे आले. मी त्याला विरोध केला. ८७ अंश हे मर्यादेच्या आत असले तरी एक एसी बंद पडताच ते पुन्हा मर्यादेपलीकडे जाईल, आणि एसी बंद पडतो तो नेमका अशाच दिवसांत. कर्नल बदलून हे संदेश कमी होतील, असेही सुचवले गेले. सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार ३० जूनला संपतो आहे आणि ते स्थलांतर करायचेच आहे, पण तो वेगळा प्रकल्प आहे; संदेश न दिसल्याने प्रोसेसर थंड होत नाही.

३१ मे २०२४, शुक्रवार

महिनाअखेरीचे व्याज टर्बो बंद ठेवूनच बसवले. १ तास ५२ मिनिटे लागली. थ्रॉटलिंगचा मोजक हलला नाही.

१ जून २०२४, शनिवार

परवा नागपुरातल्या हवामान खात्याच्या दोन स्वयंचलित केंद्रांनी ५६ आणि ५४ अंश तापमान दाखवले होते आणि शहरभर त्याचीच चर्चा होती. उरलेली केंद्रे ४४ अंशांच्या आसपास होती, म्हणून त्या दोन केंद्रांचे सेन्सर नादुरुस्त असल्याचा खुलासा खात्याने केला. त्यावरून आज सकाळी विभागप्रमुख मॅडमनी पुन्हा विचारले, की आपलेही तसेच नाही ना? त्यांना २१ आणि २२ तारखेच्या नोंदी दाखवल्या. हवामान खात्याने शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिले. आपणही दुसऱ्या साधनाशी ताडून पाहिले, फक्त आपले उत्तर उलटे आले. त्यांनी रात्रीच्या कामाला संमती दिली.

रात्री १०.३० ला डेटाबेस पर्यायी सर्व्हरवर नेला आणि यंत्र बंद करून टेबलावर घेतले. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच झाकण काढले. हीटसिंकच्या पात्यांत धूळ होती, पण दोन्हींकडे सारखीच. दुसऱ्या हीटसिंकच्या चारही कोपऱ्यांत स्प्रिंगचे स्क्रू असतात. खोलण्याआधी प्रत्येकाला पेचकस लावून घट्ट होण्याच्या दिशेने फिरवून पाहिले. तीन जागचे हलले नाहीत. चौथा, मेमरीच्या बाजूचा, बोटांच्या जोराने अडीच फेरे फिरला. हे करण्याआधी त्या कोपऱ्यात टॉर्च धरली होती, तेव्हा हीटसिंकच्या तळाखाली केसाएवढी उजेडाची रेघ दिसली होती. शेजारच्या कोपऱ्यात ती नव्हती.

हीटसिंक उचलल्यावर बाकीचे दिसले. तीन कोपऱ्यांकडे थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधून उष्णता पोहोचवणारा लेप, दाबून पातळ झालेली होती. चौथ्या कोपऱ्याकडे ती जाड राहून वाळलेल्या चुन्यासारखी कडक झाली होती आणि नखाने तिच्या खपल्या निघाल्या. २०२१ मध्ये मदरबोर्ड बदलला गेला, त्यानंतर हा हीटसिंक कोणी काढल्याची नोंद नाही. स्क्रू तेव्हाच अर्धवट राहिला असावा. नवी पेस्ट तीन उन्हाळे ती फट भरून काढत राहिली, आणि ती वाळल्यावर फट उघडी पडली.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठे आरशासारखी होईपर्यंत पुसली. मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, हीटसिंक सरळ खाली टेकवला आणि समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने, प्रत्येक वेळी दोनच फेरे देत, स्क्रू थांबेपर्यंत आवळले. पहिला प्रोसेसर उघडला नाही. एका रात्री एकच गोष्ट बदलली तर उद्याच्या आकड्यांचा अर्थ लावता येतो, आणि त्याचे आकडे निरोगी आहेत. हवेला दिशा देणारे प्लॅस्टिकचे आवरण बसवताना त्याची डावीकडची खुंटी खाचेत बसल्याचा आवाज ऐकूनच झाकण लावले.

रात्री १.१० ला त्याच कृत्रिम भाराची चाचणी : आत येणारी हवा २५, पहिला ६४, दुसरा ६५. पहिल्या पाच सेकंदांत दुसरा ४६ वरून ५५ वर गेला. २२ तारखेला हीच उडी २९ अंशांची होती.

३ जून २०२४, सोमवार

टर्बो चालू केला. दुपारच्या पिग्मी अपलोडच्या वेळी दुसरा प्रोसेसर ६६ अंशांच्या वर गेला नाही आणि मोजक शून्यावर आहे. पंखे १३,००० ऐवजी ७,८०० फेऱ्यांवर आले. पंख्याचा वीजवापर गतीच्या घनाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे यूपीएसवरचा भारही ४.८ वरून ४.६ किलोवॅटवर आला.

६ जून २०२४, गुरुवार

देखरेख प्रणालीतले इशारे बदलले. केवळ "८५ अंशांच्या वर" हा जुना इशारा ठेवलाच आहे. त्याच्या जोडीला दोन नवे घातले : आत येणारी हवा २८ अंशांच्या वर गेल्यास, आणि दोन्ही प्रोसेसरचा वीजवापर ८० वॅटच्या वर असताना त्यांच्या तापमानांत ८ अंशांहून अधिक फरक पडल्यास. मासिक तपासणी यापुढे कामाच्या दिवशी दुपारी ३ वाजता होईल. भिंतीवरचे तापमापक काढून रॅकच्या पुढच्या दारावर, सर्व्हरच्या उंचीला लावले. व्यवस्थापन चिपचे घड्याळ भारतीय वेळेवर आणले.

खरेदीच्या मागणीपत्राच्या नमुन्यात पंख्यांच्या दिशेचा रकाना घातला आहे. बाहेरच्या युनिटांची धुलाई दरवर्षी एप्रिलअखेर, काटेसावरीचा कापूस उडायचा थांबला की, आणि पुन्हा मेच्या मध्यावर करून घ्यायची, असे एसीच्या कंत्राटात लिहून घेतले.

एक काम बाकी आहे. २०२१ मध्ये त्याच दिवशी, त्याच हातांनी पहिल्या प्रोसेसरचा हीटसिंकही बसवला गेला होता. त्याचे चारही स्क्रू तपासण्यासाठी आणि पेस्ट बदलण्यासाठी सेंटओएसच्या स्थलांतराच्या रात्री अर्ध्या तासाची मुभा मागितली आहे.